चढताना ओलांडलेला ओढा
डोंगरवाटा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पाऊस धरला की या सदराकडे माथेरानच्या डोंगराबद्दल हमखास विचारणा होते. साहजिक आहे. साधारण ८०० मीटर उंचीचं पठार, लोकलने गाठता येणारा पायथा, भिवपुरी, नेरळ, चौक, धोदाणी अशा चहूबाजूंनी चढणाऱ्या वाटा आणि कड्याकड्याला धबधबे. या वेळी त्यातले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

आम्ही सहा जण जुलैत भिवपुरी रोड स्टेशनवरून गार्बेटमार्गे माथेरानला जायचं म्हणतोय. सगळे पहिल्यांदाच डोंगर चढणार. वेळ किती लागेल? आणि संध्याकाळी त्याच वाटेनं खाली उतरावं का?
— एक वाचक, डोंबिवली

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: उतरू नका. भर पावसात गार्बेटची वाट चढायला घ्यावी, उतरायला नाही. धरणाच्या मागे डोंगरावरून येणारे ओढे सकाळी घोट्याएवढे असतात म्हणून आपण बोलता बोलता ओलांडून जातो. दुपारभर वर पाऊस झाला की संध्याकाळी तेच ओढे मांडीला लागतात. तोवर अंधारून आलेलं असतं, पाय थकलेले असतात आणि शेवटची गाडी डोक्यात घोळत असते. या वाटेवर माणसं अडकतात ती बहुतेक अशी. म्हणून वर गेल्यावर गार्बेट पॉइंटवरून माथेरानच्या बाजूला निघा, दस्तुरी नाका, म्हणजे माथेरानला येणाऱ्या गाड्या थांबतात ती जागा, गाठा आणि तिथून शेअर टॅक्सीने नेरळला उतरा. दस्तुरीपर्यंत डांबरी रस्ता आहे, त्यामुळे परतीच्या वाटेवर ओढ्यात पाय घालावा लागत नाही.

आता वेळ. स्टेशनवरून डिकसळच्या बाजूने पाली-भूतिवली धरणापर्यंत पाऊण ते एक तास. धरणावरून सागाची वाडी आणखी तासभर. वाडीपासून गार्बेटचा माळ दीड ते दोन तास, हा खरा चढ. माळावरून पॉइंट आणि पुढे झाडीतून दस्तुरी, यात दोन तास धरा. नवख्या माणसांनी विश्रांतीसकट सात तासांचा हिशोब ठेवावा. सकाळी सातला स्टेशन सोडलंत तर दोन-अडीचला दस्तुरीला याल. जुलैच्या मध्यावर सूर्यास्त सव्वासातच्या सुमाराला होतो, पण ढग खाली उतरलेले असले की झाडीत साडेसहालाच दिसेनासं होतं.

परत फिरण्याच्या दोन अटी घरूनच ठरवून निघा, डोंगरात त्यावर चर्चा नको. पहिला ओढाच गुडघ्याला लागत असेल, तर तिथूनच मागे. साडेदहापर्यंत सागाची वाडी आली नसेल, तरी मागे. वाडीच्या पुढे गेल्यावर मात्र हवा बिघडली तर खाली धावण्यापेक्षा वर निघणं शहाणपणाचं, कारण सुटकेचा रस्ता वरच्या बाजूला आहे.

सहा जणांत सगळ्यात हळू चालणाऱ्याला दोन नंबरवर ठेवा, शेवटी नाही. शेवटी ठेवलं की तो धापा टाकत पोहोचतो आणि बाकीचे तेवढ्यात उठून चालू लागतात, त्याला विश्रांती मिळतच नाही. प्रत्येक ओढ्यानंतर डोकी मोजा. पाणी माणशी दोन लिटर घ्या. पाऊस आहे म्हणून तहान कमी लागते, पण घाम तेवढाच जातो, आणि वर गुरं चरत असल्यामुळे ओढ्याचं पाणी पिण्याजोगं नसतं. एक कोरडा टी-शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा आणि तो माळावर पोहोचल्यावरच घाला. माळावर वारा सुटलेला असतो. भिजलेल्या कपड्यांत पंधरा मिनिटं बसलं की दात वाजायला लागतात, आणि कुडकुडणारा माणूस पाय चुकीचा टाकतो.

आणखी एक. पाली-भूतिवली धरणाचं नाव पावसाळी बंदीच्या यादीत अनेकदा असतं. निघायच्या आदल्या दिवशी नेरळ किंवा कर्जत पोलीस ठाण्यात चौकशी करा. बंदी असेल तर बेत बदला.

धबधब्याखाली असताना आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता, तरी पाणी एकदम वाढलं. असं कसं होतं? आधी कळू शकतं का?
— एक वाचक, ठाणे

होतं, आणि त्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस किलोमीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते दहा लाख लिटर पाणी होतं. एका ओढ्याला वरून एक चौरस किलोमीटर उताराचं पाणी मिळतं असं धरा. या भागात तासाला ४० मिलिमीटरची सर काही विशेष नाही. म्हणजे चार कोटी लिटर. जुलैत जमीन आधीच तुडुंब भिजलेली, खाली काळा कातळ. निम्मं पाणी जरी तासाभरात ओढ्याला लागलं तरी सेकंदाला साडेपाच हजार लिटर होतात. दर दोन सेकंदांना एक पाण्याचा टँकर तुमच्या अंगावर रिकामा होतोय अशी कल्पना करा. ही सर तुमच्यापासून दोन किलोमीटरवर, ढगात, पठारावर पडलेली असते. खाली तुमच्याकडे नुसती भुरभुर, कधी तर ऊनसुद्धा.

म्हणून धबधब्यावर गेल्यावर धबधब्याकडे कमी आणि वरच्या डोंगराकडे जास्त बघायचं. माथा काळ्या ढगात बुडाला की खाली कोरडं असलं तरी पाण्यातून बाहेर या.

पाणी वाढण्याआधी खुणा दिसतात. काठाच्या एखाद्या ओळखीच्या दगडावर, पाण्याच्या रेषेला लागून, एक छोटा दगड ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी बघा. तो बुडाला की सामान आवरा. दुसरी खूण रंगाची: स्वच्छ पाणी चहासारखं तांबूस व्हायला लागतं, कारण वरची लाल माती धुऊन येऊ लागलेली असते. तिसरी, पाण्यावर ताजी हिरवी पानं आणि काटक्या वाहत येतात. ओढ्याने काठ सोडून नवी जागा घेतली, असा त्याचा अर्थ. चौथी खूण कानाला कळते. तळाचे दगड एकमेकांवर घासले जाऊन घुमल्यासारखा आवाज येतो. तो ऐकू आला की मोजकी मिनिटं हातात आहेत असं समजा. चपला, डबे, मोबाइलचा स्टँड तिथंच सोडा आणि आडवं नाही, सरळ वर चढा. ज्या काठावरून परतायचं आहे त्याच काठाला वर जा. समोरच्या काठावर गेलात तर वाचाल, पण रात्रभर तिथेच बसावं लागेल.

घरून निघताना हवामान खात्याचा रायगड जिल्ह्याचा इशारा बघा. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार. इशारा नारिंगी किंवा लाल असेल त्या दिवशी ओढा ओलांडावा लागणाऱ्या कुठल्याही वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पिवळा असेल तर मुंबईच्या रडारचं चित्र सकाळी निघताना आणि पायथ्याला, असं दोनदा बघा.

ओढा ओलांडताना कमरेला दोर बांधला तर सुरक्षित नाही का? आम्ही वीस मीटरचा नायलॉनचा दोर घेतला आहे.
— एक वाचक, पनवेल

कमरेला बांधू नका. हे कळकळीने सांगतोय. पाय सुटला की काठावरचे लोक दोर घट्ट धरून ठेवतात. माणूस एका जागी अडकतो, पाणी मागून ढकलत राहतं आणि ताणलेला दोर त्याला तळाकडे दाबतो. गुडघ्याएवढ्या पाण्यातसुद्धा असं बुडून मरता येतं. शिवाय ओल्या नायलॉनची गाठ ताणाखाली हाताने सुटत नाही. दोर घेऊन बचाव करणं हे शिकलेल्या माणसांचं काम आहे.

न शिकलेल्यांनी असं करावं. आधी एक काटकी प्रवाहात टाका आणि काठाने तिच्या बरोबरीने चालून बघा. काटकी तुम्हाला मागे टाकत असेल, तर ओलांडायचं नाही. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा तळ दिसत नसेल, तरी नाही. जागा निवडताना खालच्या अंगाला काय आहे ते बघा. चाळीस पावलांवर कडा असेल, तर पाणी कितीही उथळ दिसो, ती जागा सोडा. वाट जिथे ओढ्याला भेटते तीच जागा सर्वात चांगली असते असं नाही. थोडं वर जाऊन ओढा जिथे पसरट होतो तिथे पाणी उथळ आणि संथ असतं.

ओलांडताना सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती अंगातून निघेल. बूट काढू नका. अनवाणी पाय दगडांच्या फटीत अडकतो आणि ठेचतो. तोंड पाणी येतं त्या दिशेला, हातात दणकट काठी वरच्या अंगाला टेकवलेली, एका वेळी एकच पाऊल. तिघांनी खांद्याला खांदा लावून, एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून गेलं तर एकट्यापेक्षा पुष्कळ स्थिर राहतं. दगडावरून दगडावर उड्या मारण्याचा मोह टाळा. पाण्यातून चालणारा क्वचित पडतो, उड्या मारणारा पडतोच.

आणि सगळ्यात साधा उपाय: थांबा. हे ओढे छोटे आहेत. जितक्या झपाट्याने चढतात तितक्याच झपाट्याने उतरतात. सर थांबल्यावर बऱ्याचदा तासा-दीड तासात वाट मोकळी होते. सॅकमध्ये दोन माणसांपुरता चिवडा आणि एक टॉर्च जास्तीची असली की हा दीड तास जड जात नाही.

सात आणि दहा वर्षांची मुलं आहेत. नेरळच्या आसपासच्या धबधब्यांत त्यांना भिजवायला नेता येईल का?
— एक वाचक, पुणे

टपालवाडी, आनंदवाडी, जुम्मापट्टी, भिवपुरीजवळचा आषाणे, ही नावं तुम्ही ऐकली असतील. पावसाळ्यात यांपैकी बऱ्याच ठिकाणी प्रशासन जमावबंदीचा आदेश काढतं. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. आदेश असताना गेलात तर गुन्हा दाखल होऊ शकतो.

आदेश नसला तरी मुलांना प्रवाहाच्या मधोमध नेऊ नका. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते पाण्याच्या मध्यावर एकमेकांना धरून उभे होते आणि पाणी दोन्ही बाजूंनी वाढलं. मध्यावर उभ्या असलेल्या माणसाला काठ राहत नाही, हे त्यातून घ्यायचं. मुलांना काठावरच्या घोट्याएवढ्या पाण्यात, एका मोठ्या माणसाचा हात एका मुलाच्या मनगटाला, असं भिजवा. हाताला हात नव्हे. ओली बोटं सुटतात, मनगटावरची पकड टिकते. धारेच्या थेट खाली उभं राहायचं नाही, कारण वरून दगड येतात. डोहात उतरायचं नाही. धार पडते तिथलं पाणी हवेच्या बुडबुड्यांनी फेसाळलेलं असतं, त्यात माणूस एरवीसारखा तरंगत नाही, पोहता येत असलं तरी.

त्यापेक्षा मुलांना सरळ माथेरानला न्या. दस्तुरीच्या पुढे खासगी गाडी जात नाही. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरानपर्यंत छोटी गाडी पावसाळ्यातही चालवली जाते, किंवा चालत पाऊण तास. बाजारातून शार्लोट तलावाकडे झाडीतून जाणारा रस्ता मुलांना झेपतो, शेजारी पिसरनाथाचं देऊळ आहे, आणि तलाव भरला की सांडव्यावरून पडणारं पाणी अंतरावरून बघता येतं. तलावात उतरायचं नाही, ते गावाचं पिण्याचं पाणी आहे. हातात खाऊची पिशवी धरू नका. माकडं नेमकी तीच हिसकावतात, आणि मूल घाबरून मागे सरतं. मागे बऱ्याचदा उतार असतो.

नेरळपासून मिनी ट्रेनने पावसाळ्यात जाता येतं का?
— एक वाचक, सोलापूर

नाही. १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी रुळांची गाडी नेरळ ते अमन लॉज या घाटाच्या टप्प्यात पावसाळाभर बंद ठेवतात. २६ जुलै २००५ च्या पावसात हा मार्ग इतका उखडला होता की गाडी पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडलं.

चौककडून वन ट्री हिल किंवा रामबाग पॉइंटला चढायचा विचार आहे. ऑगस्टमध्ये जावं का?
— एक वाचक, खोपोली

जुनी वाट आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याच बाजूने चढला आणि मग माथेरान थंड हवेचं ठिकाण झालं. पण तो मे महिना होता. वन ट्री हिलची वाट शेवटी घळीतून चढते. घळ म्हणजे पावसाळ्यात पाण्याची वाट, आणि पाण्याबरोबर दगडांची. वरचा माणूस पाय टाकतो आणि निसटलेला दगड खालच्याच्या डोक्यावर येतो, आजूबाजूला सरकायला जागा नसते. ऑगस्टमध्ये जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही वाट फार सुंदर आहे. रामबागची वाट त्या मानाने सोपी आहे, पण जोराच्या पावसात तीही टाळावी.

या डोंगराच्या माथ्यावर जांभा आहे आणि खाली काळा कातळ. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी मुरतं आणि कातळावर येऊन अडतं, मग मधल्या सांध्यातून झऱ्यासारखं बाहेर पडतं. त्यामुळे कड्याची कडा खालून पोखरली जाते आणि वरून मात्र हिरवीगार, घट्ट दिसते. पॉइंटवर कठडा नसेल तिथे कड्यापासून तीन पावलं आतच थांबा. सेल्फीसाठी पाठ दरीकडे करून मागे सरकणं तर नकोच.

याच परिसरात, चौकजवळ, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. सतत दोन-तीन दिवस जोराचा पाऊस झाला असेल, तर उघडीप मिळाली म्हणून लगेच त्या उतारांवर जाऊ नका. पाणी आत मुरत असतं. वाटेवर ताजी भेग, तिरकी झालेली झाडं, एरवी स्वच्छ असणाऱ्या झऱ्याला गढूळ पाणी, यातलं काहीही दिसलं तर तो उतार आडवा पार करून बाजूला व्हा आणि खालच्या वाडीत सांगा.

पेबच्या किल्ल्यावर पावसात शिड्या धरवतात का? बूट कोणते घ्यावेत?
— एक वाचक, बदलापूर

शिड्या लोखंडी आहेत, धरवतात, पण एका शिडीवर एका वेळी एकच माणूस. तोंड शिडीकडे, चढतानाही आणि उतरतानाही. हात पायऱ्यांवर ठेवा, बाजूच्या उभ्या दांड्यांवर नको. ओल्या उभ्या दांड्यावरून मूठ घसरत खाली येते. काठी आणि छत्री सॅकला बांधून टाका. नेरळहून चढायला अडीच तास धरा. विजा चमकत असतील तर शिड्यांजवळ थांबू नका.

बुटाचं म्हणाल तर किमतीपेक्षा तळवा बघा. नखाने दाबल्यावर किंचित दबणारं रबर आणि खोल खाचा हव्यात. टणक प्लॅस्टिकचा तळवा ओल्या कातळावर साबणासारखा सरकतो. जॉगिंगच्या बुटांचा फोमही चिखलात दगा देतो. वॉटरप्रूफ बूट या पावसात उपयोगाचे नाहीत. पाणी वरून आत शिरतं आणि बाहेर पडत नाही. पाणी गळून जाणारा साधा कापडी वरचा भाग बरा. हिरव्या शेवाळापेक्षा काळ्या, चमकणाऱ्या कातळाला जास्त जपा. हिरवं दिसतं तरी, काळं फसवतं.

सॅकला बाहेरून कव्हर घालता त्याबरोबर आतून एक मोठी जाड पिशवी लावा. कव्हर पाठीच्या बाजूने उघडं असतं, तिथून पाणी उतरतंच.

साप चावला तर तिथल्या तिथे काय करायचं?
— एक वाचक, कल्याण

कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. अंगठी, कडं, बूट काढून ठेवा, सूज चढते. चावलेला हात किंवा पाय काठी लावून हलणार नाही असा बांधा, माणसाला चालवू नका, उचलून न्या. १०८ किंवा ११२ ला फोन करा. सापाला मारण्यात किंवा पकडण्यात वेळ घालवू नका, डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात.

गार्बेटच्या माळावर धुक्यात वाट चुकलो. चारी बाजूंना पायवाटा होत्या. खरी कशी ओळखायची?
— एक वाचक, अंबरनाथ

माळावरच्या बहुतेक पायवाटा गुरांच्या असतात. ढोरवाट उताराला आडवी, एकाच उंचीवरून जाते, मध्येच दोन-तीन फाटे फोडते आणि चरायच्या जागी विरून जाते. माणसांची वाट कुठेतरी पोहोचायला निघालेली असते. ती उंची कमावते, चढावर मातीत पायऱ्यांसारखे खळगे असतात, दगड मधोमध घासून गुळगुळीत झालेले असतात, आणि डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला जाता यावं एवढ्या उंचीपर्यंत फांद्या तोडलेल्या असतात. ढोरवाटेवर फांद्या तुमच्या छातीला लागतात. वाट निवडताना खाली बघतो तसं वरही बघा.

पुढचं दिसेनासं झालं की सगळ्यांनी मिळून शोधायला निघू नका. शेवटची खात्रीची जागा, म्हणजे एखादं झाड, कातळ, वाटेचा तिठा, तिथपर्यंत मागे या. बाकीचे तिथेच बसा. एकाने शिट्टीच्या अंतरात राहून एकेक फाटा शंभर पावलं बघून यावं आणि परत येऊन सांगावं. मोबाइलवर वाटेचा नकाशा घरून उतरवून ठेवा. वर रेंज जाते, पण नेट नसतानाही जीपीएस चालतं. धुक्यात पाण्याच्या आवाजाच्या दिशेने कधीही जाऊ नका, या डोंगरावर पाण्याचा आवाज कड्यावरून येतो. पहिल्या खेपेला सागाच्या वाडीतून वाटाड्या घेतला तर यातलं काहीच करावं लागणार नाही. पैसे निघण्याआधी ठरवा, त्याला दस्तुरीपर्यंत न्या आणि परतीच्या चालीचेही त्यात धरा. त्याला मात्र तो ओढा संध्याकाळी ओलांडायचा असतो, तेव्हा दस्तुरीला पोहोचताच त्याला मोकळं करा.